आवाज वाढवला की घरचा स्पीकर का फाटतो? गोत्रीच्या पार्किंगमध्ये समजलेलं गणित

गोत्री (बडोदा) : नंदुरबार-नवापूरकडच्या पुष्कळ घरांचं एक पाऊल गुजरातेत असतं. कुणाची बहीण सुरतेला, कुणाचा भाऊ अंकलेश्वरला कंपनीत, कुणाची मावशी बडोद्याला. माझी मावशी गोत्रीला राहते. नवरात्रात तिच्याकडे गेलो होतो. सोसायटीत यंदा डीजे नको, खर्च परवडत नाही, आपलाच डेक खाली लावू, असं ठरलं होतं. मावशीच्या हॉलमधले दोन स्पीकर आणि मशीन, म्हणजे अॅम्प्लिफायर, पार्किंगसमोरच्या मोकळ्या जागेत टेबलावर मांडले. पहिल्या रात्री आवाज कमी पडतोय अशी तक्रार आली. दुसऱ्या रात्री व्हॉल्यूम चढवला, बेसचं बटणही उजवीकडे फिरवलं आणि आवाज फाटायला लागला. तिसऱ्या रात्री उजव्या स्पीकरचा ट्वीटर गेला. टाळ्या, घुंगरं, गाण्यातले श-स सगळं एका बाजूनं नाहीसं झालं.

मावसभावाचा प्रश्न सरळ होता : "स्पीकरवर १०० वॅट लिहिलंय, मशीन ५० वॅटचं आहे. मग फाटायचं कारण काय?" मावशीचं म्हणणं त्याहून सरळ : "वर घरात सहा वर्षं कधी कुरकुर केली नाही रे त्यानं."

दोघांचंही बरोबर होतं. घरात न फाटणारा स्पीकर खाली का फाटला, हे समजलं की टीव्हीखालचा साउंडबार, हातातला ब्लूटूथ स्पीकर, गणपतीत आरतीला लावायचा होम थिएटर, सगळ्यांचं गणित सुटतं. गणपती-नवरात्राच्या आधी दरवर्षी आपल्याकडेही 'कोणता स्पीकर घेऊ, आवाज फाटायला नको' अशी विचारणा असते. म्हणून ही माहिती जरा सविस्तर.

वॅट म्हणजे आवाज नव्हे

स्पीकरच्या माहितीपत्रकात वॅटच्या खाली आणखी एक आकडा असतो, तो फारसं कोणी वाचत नाही. सेन्सिटिव्हिटी. स्पीकरला १ वॅट दिला आणि १ मीटरवर उभं राहून मोजलं तर किती डेसिबल आवाज मिळतो, ते तो आकडा सांगतो. घरगुती स्पीकरांमध्ये तो साधारण ८४ ते ९० असतो. मावशीच्या स्पीकरचा ८७ आहे.

इथून पुढचे नियम तीनच. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात. वॅट दहापट केले की १० डेसिबल वाढतात, आणि कानाला तेवढ्यानं आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात.

आता हॉल आणि पार्किंग शेजारी ठेवून बघा. हॉलमध्ये मावशी स्पीकरपासून ३ मीटरवर सोफ्यावर बसते. भिंती, छत आवाज परत फेकतात, त्यामुळे अंतराचा तोटा अर्धामुर्धाच होतो. दोन्ही स्पीकरना एकेक वॅट दिला तरी तिथं ८४-८५ डेसिबल सहज मिळतात. घरात एवढा आवाज म्हणजे शेजारी दार वाजवतील इतका. म्हणजे सहा वर्षं ते १०० वॅटचे स्पीकर बहुतेक वेळ एका वॅटच्या आतबाहेरच चालले. कुरकुर कशाला करतील?

खाली मात्र गरबा रमणारे सरासरी १२ मीटरवर. परत आवाज द्यायला भिंत नाही, छत नाही. १ मीटरवरून १२ मीटरवर जाताना साडेएकवीस डेसिबल गळाले. तेच ८४ डेसिबल तिथं हवे असतील तर घरातल्यापेक्षा जवळपास ४० पट वॅट लागतात. म्हणजे सरासरी ४० वॅट. आणि सरासरी म्हणजे सगळं नव्हे. ढोलाची थाप, टाळीचा कडाका हे गाण्याच्या सरासरीपेक्षा क्षणभर १० डेसिबल किंवा त्याहून वर उसळतात. तेवढ्या क्षणापुरते ४०० वॅट पाहिजेत. मशीन ५० वॅटचं.

मावसभावानं मोबाईलवर हा हिशेब दोनदा केला. आकडा बदलला नाही.

आधी फाटतं ते मशीन

आवाज फाटतो म्हणतो तेव्हा तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी आपण एकाच शब्दात घालतो. पहिली मशीनची. अॅम्प्लिफायर त्याच्या पॉवर सप्लायच्या व्होल्टेजपेक्षा वर जाऊ शकत नाही. गाण्याची लाट त्याहून उंच झाली की तिचा माथा सपाट कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. गोल लाटेचं चौकोनी खोकं होतं, आणि त्या चौकोनी कोपऱ्यांतून मूळ गाण्यात नसलेले वरचे सूर तयार होतात. कानाला तेच कर्कश, पत्रा घासल्यासारखं लागतं.

'मशीन छोटं असलं की स्पीकर जळतो' असं दुकानदार सांगतात. ऐकायला उलटं वाटतं, पण त्यात अर्धं तथ्य आहे. कमी वॅटचं मशीन कमी आवाजात चालवलं तर कुणाचंच काही बिघडत नाही. घोळ होतो तो त्याला हद्दीपलीकडे ताणल्यावर. पूर्ण कापलेल्या चौकोनी लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट पॉवर असते. त्यातच ढोलाचा बेस छताला टेकून थांबलेला असतो, पण व्हॉल्यूम वाढवत राहिलं की वरच्या पट्टीतले झांजा, घुंगरं, श-स अजून वाढतच राहतात. हा सगळा जादा माल ट्वीटरकडे जातो. ट्वीटरची तार केसासारखी बारीक, सतत सोसायची तिची ताकद काही वॅटचीच. स्पीकरवर लिहिलेले १०० वॅट हे संपूर्ण खोक्याचे आणि साध्या गाण्याच्या मिश्रणाचे असतात, एकट्या ट्वीटरचे नव्हेत.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्यानं तो ट्वीटर खोलून दाखवला. घुमटाच्या आतली तार काळी पडून एका जागी तुटली होती. "भाई, ये आवाज से नहीं, फटे आवाज से जला है," एवढंच तो म्हणाला. वर इतके परिच्छेद मी लिहिले, त्याला दहा शब्द पुरले.

वूफरचं दुखणं वेगळं

मशीन मोठं घेतलं की प्रश्न मिटला, असं मात्र नाही. मग स्पीकरची स्वतःची हद्द समोर येते, आणि घरगुती स्पीकरात ती बहुधा बेसमध्ये येते.

आजचा स्पीकर ज्या तत्त्वावर चालतो ते चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ मध्ये अमेरिकेत मांडलं. चुंबकाच्या खाचेत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटलेला कागदी कोन. करंट गेला की वेटोळं पुढंमागं होतं, कोन हवा ढकलतो. शंभर वर्षं झाली, साहित्य बदललं, तत्त्व तेच आहे. म्हणजे स्पीकर हा शेवटी हवेचा पंप. आणि पंपाला मर्यादा दोनच, तोंड किती मोठं आणि दांडा किती लांब सरकतो.

सूर जितका खालचा तितकी जास्त हवा ढकलावी लागते, आणि ही वाढ साधी नाही. कंपनसंख्या निम्मी झाली की तेवढ्याच आवाजासाठी कोनाला चौपट सरकावं लागतं. ५ इंची वूफर घ्या, जो बहुतेक बुकशेल्फ स्पीकरात असतो. भिंतीलगत ठेवलेल्या अशा बंद खोक्याच्या स्पीकरमधून १ मीटरवर ९० डेसिबल हवे असतील तर १०० हर्ट्झला त्याचा कोन मधल्या जागेपासून सव्वा मिलीमीटरच्या आसपास सरकतो. ५० हर्ट्झला ५ मिलीमीटरहून थोडा जास्त. २५ हर्ट्झला २१ मिलीमीटर, म्हणजे कोन बाहेरच यायला हवा. अशा वूफरची सरळ चालायची हद्द साधारण ३ ते ५ मिलीमीटर असते. म्हणजे ५० हर्ट्झला ९० डेसिबल मागितले तिथंच तो काठावर उभा.

तेच काम १५ इंची वूफरला दिलं तर त्याच्या कोनाचं क्षेत्रफळ नऊ-दहापट आहे, त्याला ५० हर्ट्झला अर्धा मिलीमीटर सरकलं की पुरतं. लग्नातल्या साउंडवाल्याचे बॉक्स एवढे अगडबंब का असतात, याचं उत्तर हे आहे. दिखाऊपणा थोडा असेलही, पण हवा ढकलायला आकार लागतोच. छोट्या डब्यातून 'कॉन्सर्टसारखा बेस' ही जाहिरातीची भाषा झाली.

कोन हद्दीपलीकडे गेला की काय होतं? वेटोळं चुंबकाच्या खाचेतून बाहेर डोकावतं, तेवढी चुंबकाची पकड सुटते. कोनाच्या कडेचं रबर आणि आतली जाळी ताठ होते. आत जे गेलं ते हुबेहूब बाहेर येत नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे वोल्फगांग क्लिपेल यांनी हे मोजायची पद्धत बसवली. त्यांच्या हिशेबात चुंबकाची पकड मूळच्या ८२ टक्क्यांवर येते तिथं विकृती १० टक्क्यांच्या पातळीला पोचलेली असते. स्पीकर कंपन्यांच्या प्रयोगशाळांत आज हेच मोजमाप चालतं.

बेस एकटा बिघडला तर कान बराच माफ करतो. ढोलाच्या थापेत ५ टक्के भेसळ झाली तरी गाण्याच्या गर्दीत पुष्कळांना कळत नाही. कळतं ते वेगळ्या ठिकाणी. तोच वूफर गायकाचा आवाजही वाजवत असतो. ढोलाच्या थापेनं कोन पुढं फेकला गेला, त्या क्षणी चुंबकाची पकड कमी झाली, की त्या क्षणी गायकाचा आवाजही दबतो. थाप पडली की आवाज दबला, थाप गेली की मोकळा झाला. म्हणून मोठ्या आवाजात बाईचा स्वर ढोलाबरोबर थरथरल्यासारखा, घोगरा वाटतो. दोन सुरांची अशी एकमेकांत भेसळ होते ती कानाला सगळ्यात जास्त खटकते, आणि माहितीपत्रकात तिचा आकडा सहसा नसतो.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी ही परीक्षा तंबोऱ्यावर घ्यावी. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मधला सा सुमारे १३९ हर्ट्झ, आणि तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, ६९ च्या आसपास. वर तारांची जवारी अगदी बारीक वरच्या सुरांची. तबल्याचा डग्गा घुमला की मागची जवारी गढूळ होते का, एवढंच ऐका. बडोद्यानं उस्ताद फैयाज खाँ यांच्यासारखे गवई सांभाळले. मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सुरू केलेली इथली संगीतशाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा कला-सादरीकरणाचा विभाग आहे. या शहरात तंबोरा ओळखणारे कान अजून घरोघर सापडतात. मावशीनं हा फरक मोजमापाशिवाय पहिल्याच मिनिटाला सांगितला : "डग्ग्याबरोबर तंबोरा हलतोय."

मागे किंवा पुढे गोल भोक असलेल्या खोक्यांची आणखी एक भानगड असते. त्या भोकातून बेसला मदत मिळते, पण आवाज वाढला की हवा तिथून फुसफुसत बाहेर पडते, ती ऐकू येते. आणि भोकाच्या ठरावीक कंपनसंख्येच्या खाली गेलं की कोनामागचा हवेचा आधारच सुटतो, कोन मोकाट धावतो. ठप्प असा आवाज येतो तो वेटोळं मागे आपटल्याचा. तो एकदा ऐकला की व्हॉल्यूम तिथल्या तिथं कमी करायचा, दुसऱ्यांदा वाट बघायची नाही.

तापलेली तार

एक गोष्ट मला लिहायला बसेपर्यंत खरी वाटत नव्हती. ८७ डेसिबलचा स्पीकर त्याला दिलेल्या विजेतली सुमारे ०.३ टक्के शक्ती आवाजात बदलतो. ५० वॅट दिले तर आवाज होतो ०.१५ वॅटचा. उरलेले पन्नासच्या पन्नास तारेत उष्णता होऊन बसतात. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, त्यावर कथील वितळतं. तशी दोन आयर्न एका बंद खोक्यात, त्या बारीक वेटोळ्यात.

तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला ०.३९ टक्क्यानं वाढतो. वेटोळं १०० अंशांनी तापलं तर रोध ३९ टक्क्यांनी वाढला, करंट तेवढा कमी झाला, आणि आवाज जवळपास ३ डेसिबलनं उतरला. १५० अंशांनी तापलं तर ४ डेसिबल. म्हणजे व्हॉल्यूम तोच, गाणं तेच, पण अर्ध्या तासानं आवाज बसल्यासारखा वाटतो. मग माणूस काय करतो? आणखी चढवतो. तार आणखी तापते. जळक्या व्हार्निशचा वास आला तर समजावं की फाटायची पायरी ओलांडली, आता बंद करायची वेळ आहे.

मग घरातले कोणते स्पीकर किती सोसतात?

हातातले ब्लूटूथ स्पीकर या बाबतीत वाटतात त्यापेक्षा हुशार असतात. दोन इंची कोनातून बेस निघणार नाही हे बनवणाऱ्याला माहीत असतं. म्हणून आत एक चिप बसवलेली असते, ती व्हॉल्यूम वाढेल तसा बेस आपोआप कापत जाते आणि उसळ्या दाबून टाकते. कमी आवाजात गोल, भरदार वाजणारा डबा पूर्ण आवाजात पातळ, टीनसारखा वाजतो तो यामुळे. तो बिघडलेला नसतो. फाटू नये म्हणून त्यानं बेस सोडून दिलेला असतो. एका खोलीपुरतं, चार-पाच जणांच्या आरतीला तो ठीक. साउंडबारचंही बव्हंशी असंच, फक्त वेगळा सबवूफर बरोबर असेल तर मधल्या छोट्या कोनांचा भार हलका होतो.

सबवूफरवाले होम थिएटर संच आणि साधे बुकशेल्फ स्पीकर यांत घरच्या वापराला सगळ्यात मोठा फरक एका सेटिंगनं पडतो. रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर 'स्मॉल' करून ८० हर्ट्झला तोडलं की त्याखालचा सगळा बेस सबवूफरकडे जातो. वर सांगितलेली चौपटीची वाढ आठवा. ५ इंची कोनाला ४० हर्ट्झचं काम करावंच लागलं नाही तर त्याची धाव पार आटोक्यात येते, आणि गायकाचा आवाज ढोलाबरोबर हलायचा थांबतो. पुष्कळ घरांत हे सेटिंग 'लार्ज'वर राहिलेलं असतं, कारण मोठं म्हणजे चांगलं असं वाटतं.

सबवूफर किती सोसतो हे मोजायची एक बरी पद्धत आहे, अमेरिकेतली सीटीए-२०१०. वेगवेगळ्या खालच्या सुरांचे छोटे झटके देऊन, ठरलेल्या विकृतीच्या आत राहून जास्तीत जास्त किती डेसिबल निघतात ते त्यात नोंदवतात. घ्यायच्या सबवूफरचे असे आकडे इंटरनेटवर सापडले तर वॅटकडे बघायची गरज उरत नाही.

जुने मोठे डेकचे स्पीकर, ८ किंवा १० इंची वूफरचे, अनेकांनी माळ्यावर टाकून दिलेत. कोनाच्या कडेचा फोम भुगा झालेला असतो, पण तेवढाच बदलून मिळतो. बाकी चुंबक-वेटोळं ठणठणीत असेल तर मोठ्या आवाजाला ते आजच्या छोट्या चकचकीत डब्यांना मागे टाकतात. ८ इंची कोनाला ५० हर्ट्झच्या त्याच कामाला २ मिलीमीटरच्या थोडं वर सरकावं लागतं, ५ इंचीच्या निम्म्याहून कमी.

चाकांवरचे पार्टी स्पीकर मोकळ्या जागेसाठीच बनवलेले असतात. त्यांची सेन्सिटिव्हिटी जास्त असते, फाटतात उशिरा. घरात मात्र त्यांचा सूर रांगडा वाटतो.

खोक्यावरचे आकडे

'५००० वॅट पीएमपीओ' असं छापलेले डबे आपल्या बाजारात अजून मिळतात. पीएमपीओ मोजायची कुठलीही सर्वमान्य पद्धत नाही, छापणाऱ्याच्या मनात येईल तो आकडा. मागच्या स्टिकरवर इनपुट ६० वॅट लिहिलेलं असतं, म्हणजे भिंतीतल्या प्लगमधून आत जातात तेच ६०. बाहेर त्याहून जास्त सतत येणार कुठून? आरएमएस लिहिलेला आकडा त्यापेक्षा खरा, पण त्याच्या शेजारी बारीक अक्षरात '१० टक्के टीएचडी' असेल तर तो मशीन चांगलंच कापायला लागल्यानंतरचा आकडा आहे. १ टक्का विकृतीला त्यातले तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के उरतात. स्वच्छ वॅट तेवढेच समजायचे.

सेन्सिटिव्हिटीचा आकडा मात्र जपून वाचा. ८४ चा स्पीकर आणि ९० चा स्पीकर यांत ६ डेसिबलचा फरक आहे, म्हणजे पहिल्याला तेवढ्याच आवाजासाठी चौपट वॅट लागतात. ५० वॅटचं मशीन आणि ९० चा स्पीकर हा जोड २०० वॅट आणि ८४ च्या बरोबरीनं वाजतो, आणि कमी तापतो.

दुकानात ऐकताना आपलं ओळखीचं गाणं न्या, ज्यात एक स्वच्छ आवाज आणि एक जड ताल आहे. बेस-ट्रेबलची बटणं मधोमध आणा, 'मेगा बेस' बंद करा. आवाज हळूहळू चढवा आणि ढोलाकडे नव्हे, गायकाकडे लक्ष ठेवा. जिथं शब्द घोगरे होतात, श-स टोचायला लागतात, ती त्या स्पीकरची हद्द. घरी लागणारा आवाज त्याच्या बराच खाली असायला हवा. एवढं जमलं तर वॅट विचारूही नका.

आणि बेसचं बटण. १० डेसिबल बेस वाढवला म्हणजे त्या पट्टीत दहापट वॅट मागितले. मावशीच्या स्पीकरचा खरा खून तिथं झाला. बेस हवाच असेल तर स्पीकर भिंतीजवळ, कोपऱ्याकडे सरकवा, भिंत ३ ते ६ डेसिबल फुकट देते.

न फाटणाऱ्या स्पीकरची अडचण

इथं एक उलटी गोष्ट सांगायला हवी. फाटलेला आवाज आहे त्यापेक्षा मोठा वाटतो, आणि स्वच्छ आवाज आहे त्यापेक्षा लहान. साधा डबा ८५ डेसिबलला ओरडायला लागतो, घरातलं कोणीतरी 'अरे बारीक कर' म्हणतं. चांगला स्पीकर ९५ लाही गोडच वाजतो, कोणी काही म्हणत नाही. कानाला मात्र डेसिबल तेवढेच लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप असं : मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबल ४० तास. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८९ ला आठवड्याचे ५ तास, ९५ ला सव्वा तास, ९८ ला पाऊण तासही नाही. हे आठवड्याचे आकडे आहेत, एका रात्रीचे नव्हेत. गरब्यात स्पीकरच्या टेबलाशेजारी उभी राहणारी पोरं हा कोटा एका संध्याकाळी संपवतात. मोबाईलवरचं आवाज मोजायचं अॅप अगदी काटेकोर नसतं, पण ८० आणि ९५ यांतला फरक ते नक्की दाखवतं.

कायद्याची हद्द त्याहून खूप खाली आहे. केंद्राच्या ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या सीमेवर याहून ५ पेक्षा जास्त वर जाता कामा नये. सणासुदीला राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत लाउडस्पीकरची सूट देऊ शकतं, बाकी दिवशी १० नंतर मोकळ्या जागेत लाउडस्पीकर बंद. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा पट्टा सरकारनं शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असेल, तर तिथं दिवसा ५० आणि रात्री ४०. गोत्रीत जीएमईआरएसचं मोठं वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, त्याच्या आसपासच्या सोसायट्यांनी हे अंतर मोजून ठेवलेलं बरं. मावशीची सोसायटी त्या पट्ट्यात येत नाही. तिच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक मुलगी नीटच्या अभ्यासाला बसलेली असते, तिनं खिडकी लावून घेतलेली वरून दिसत होती.

चौथ्या रात्री मावसभावानं ट्वीटर बदलून आणलेला स्पीकर परत खाली नेला, पण टेबल कडेला लावलं नाही. मध्ये जिथं माताजीचा गरबा ठेवतात तिथं दोन्ही स्पीकर पाठीला पाठ लावून ठेवले, तोंडं बाहेर. रिंगण स्पीकरभोवतीच फिरायला लागलं, १२ मीटरचं अंतर ५ वर आलं. त्यात साडेसात डेसिबल मिळाले. प्रत्येकाला मुख्यतः एकच स्पीकर ऐकू येतो म्हणून ३ गेले, तरी निव्वळ साडेचार हातात राहिले, म्हणजे वॅट जवळपास एक तृतीयांशावर. बेसचं बटण मधोमध. ढोलासाठी सोसायटीतलाच एक मुलगा खरा ढोल घेऊन उभा राहिला, त्याला ना मशीन लागलं ना कोन. मशीनचं व्हॉल्यूम आदल्या रात्री तीनवर होतं, ते बारावर आलं. पावणेबाराला गरबा संपला तेव्हा मावशीनं दोन्ही खोक्यांवर हात ठेवून बघितला, आणि मग ती तंबोऱ्याची सीडी लावायला वर गेली, बारीक आवाजात.